परत मागितलेलं वाण

पौषातली नाशिकची थंडी आधी माझ्या गुडघ्यांना कळते आणि मग वर्तमानपत्रात छापून येते. सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. गच्चीवर गेलं की लांब एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा धूर सरळ वर चढताना दिसतो. खाली रस्त्यावर कुंभाराची हातगाडी येते, तिच्यावर काळी-लाल सुगडं एकात एक रचलेली असतात. बाजारात ओला हरभरा, गाजरं, बोरं, उसाचे करवे. बाकीच्या बायकांना या दिवसांत भाजलेल्या तिळाचा वास येत असेल. मला चिकाचा येतो. झाडाच्या पांढऱ्या चिकाचा. त्याला म्हणे फारसा वास नसतोच. नसू दे, मला येतो.

परवा आमची सून ऋजुता ऑफिसातून येताना एक पसरट खोका घेऊन आली. आत सहा इवल्या इवल्या कुंड्या. जाड पानांची, गुबगुबीत रोपं. एकाची पानं बोरासारखी गोल, एकाच्या कडांना तांबूस किनार.

"आई, किती गोड आहेत बघा! या वर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून हीच लुटू या. पाणी फार लागत नाही, काही काळजी नाही."

काही काळजी नाही, असं कुणी म्हटलं की माझी काळजी सुरू होते. मी चष्मा लावला. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. खिळ्यावरचे रबरी हातमोजे काढले आणि एकेक कुंडी पुढ्यात ओढून घेतली.

"आई, चौकशी चाललीय का त्यांची?" ऋजुता हसत म्हणाली.

"चौकशीच. तू लांब उभी राहा."

मी जात्याच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला नावं ठेवायला नको. दूधवाला माप भरताना बोट आत घालतो का, ते मी बघते. भाजीवाली वरची मेथी ताजी दाखवते, मी जुडी उलटी करते. कुणी माझ्या साडीचं कौतुक केलं, तर तिला ती उसनी हवी असणार, हे मला दोन वाक्यं आधी कळतं. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. ते म्हणायचे, "तुला आमच्या गेटवर बसवायला हवं होतं. एक बोल्ट बाहेर गेला नसता." मी ते कौतुक समजून घ्यायची, कारण त्याचा दुसरा अर्थ मला आवडला नसता.

आणि तरीही त्या वर्षी, नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, मी गावभर सगळ्यांवर संशय घेतला आणि ज्याच्यावर घ्यायला हवा होता त्याला स्वतःच्या हातांनी एकवीस घरांत नेऊन बसवलं.

आमच्या कॉलनीत वाणाची तेव्हा चुरसच असायची. प्लॅस्टिकच्या डब्या झाल्या, स्टीलच्या वाट्या झाल्या, गाळण्या झाल्या. शेजारच्या सुलूवहिनींनी आदल्या वर्षी पितळी करंडे लुटले होते आणि महिनाभर त्यांचाच गाजावाजा होता. सुलूवहिनी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. आमच्या दोन बंगल्यांमधल्या भिंतीची एक वीट निघालेली होती. त्या भोकातून आमच्या आमटीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. एवढं असूनही मला त्यांच्यावर मात करायची होती, खोटं कशाला बोलू?

नर्सरीत मला ते झाड दिसलं. पानं नाहीत, काटे नाहीत, नुसत्या हिरव्यागार, गोल, पेन्सिलीएवढ्या काड्या. "फॅशन आहे ताई सध्या. फांदी मोडून लावा, जगते," नर्सरीवाला म्हणाला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकवीस सुगडं घ्यायची, प्रत्येकात एक फांदी लावायची, आणि वाण म्हणून द्यायची. सुगड तर संक्रांतीचंच. त्यात हिरवं रोप! पितळी करंडे गेले चुलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई फुलं घेऊन आल्या. त्या मखमलाबादच्या. घरची शेवंती, गुलाब, झेंडू टोपलीत घेऊन रोज कॉलनीत फिरायच्या. अंगणातलं झाड बघून त्या टोपली खाली न ठेवताच थबकल्या.

"ताई, ह्यो तर शेर. आमच्या बांधाला कुंपण हाय ह्याचं. घरात कशापायी आणला?"

"अहो, नर्सरीतून आणलाय. शोभेचा आहे."

"नर्सरीतला झाला म्हून चीक बदलतो का? लय वाईट चीक. डोळ्यात गेला तं डोळा जातो. आमच्यात गुरं बी तोंड लावत नाय."

आता बघा. याच यमुनाबाई चार दिवस माझ्या मागे लागल्या होत्या, की हळदीकुंकवाला रोपंच द्यायची तर आमच्या शेवंतीची न्या. मी मनात म्हटलं, हं, कळलं! आपली शेवंती खपवायला माझ्या झाडाची बदनामी. मी मान हलवली, दोन गजरे घेतले आणि त्यांना वाटेला लावलं.

त्या दुपारचं ऊन मला अजून आठवतं. पाठीवर कोवळं ऊन, समोर विळी, शेजारी वाळू-मातीचं घमेलं. विळीवर काडी धरली की पांढरंशुभ्र दूध टपकन बाहेर यायचं. बोटांवरून मनगटाकडे ओघळायचं. मला ते फार आवडलं होतं. किती जिवंत झाड आहे, असं वाटलं होतं. संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत आग आग व्हायला लागली. मी काय केलं? भांडी घासायची नवी पावडर उचलली आणि वाण्याकडे जाऊन भांडून आले. भेसळ आहे म्हणून.

हळदीकुंकू मात्र छान झालं. हॉलमध्ये सतरंजीवर एकवीस सुगडं, प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं, मधोमध हिरवी काडी. बायका बघतच राहिल्या. सुलूवहिनींनी सगळ्यांत उंच फांदीचं सुगड स्वतः निवडून घेतलं आणि म्हणाल्या, "शैला, यंदा तू जिंकलीस." त्यांच्या मनात नक्की काय असेल, याचा मी अर्धी रात्र विचार केला. काही नव्हतं त्यांच्या मनात. त्यांना आवडलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, न आलेल्या दोघींसाठी मी घाईघाईनं आणखी दोन काड्या मोडल्या, हात नॅपकिनला पुसले आणि चहाकडे वळले. तोच नॅपकिन दाढी करून आलेल्या ह्यांनी तोंडाला लावला.

"अगं, डोळा! शैला, डोळा गेला माझा!"

तसा ओरडा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. डोळा मिटलेला, घळाघळा पाणी, खुर्चीची पाठ धरून उभे. मला पहिला संशय कुणाचा आला असेल? दाढीच्या क्रीमचा. डुप्लिकेट दिलं मेल्यानं, हे माझे शब्द. भोकातून आवाज ऐकून सुलूवहिनी मधाची बाटली घेऊन धावत आल्या. "मध घाल, थंड पडेल. नाहीतर तूप घाल." मी बोट मधात बुडवलंसुद्धा होतं.

तेवढ्यात फाटकातून यमुनाबाई आत आल्या. त्यांनी टेबलावरच्या मोडक्या काड्या बघितल्या, ह्यांच्याकडे बघितलं, आणि टोपली तिथंच दारात टाकली.

"मध नको न् तूप नको! पाणी. नुसतं पाणी. साहेब, या इकडं, नळाखाली डोकं धरा. डोळा उघडा ठेवा. चोळू नका."

पौषातलं नळाचं पाणी ते. हे थडथड उडत होते आणि यमुनाबाई त्यांचं डोकं सोडत नव्हत्या. मी तांब्या घेऊन नुसती उभी. चांगली वीस मिनिटं पाणी वाहत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना मी अक्कल चालवून एक काडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली. डॉक्टरांनी ती बघितली आणि खुर्ची मागे सरकवली. "लगेच पाण्यानं धुतलंत म्हणून निभावलं. मध, तूप, गुलाबपाणी, असलं काही घातलं असतंत तर चीक तिथंच राहिला असता. या झाडाला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. चष्म्याशिवाय कापायचं नाही. हात, विळी, फडकं, सगळं साबणानं धुवायचं." मग पट्टी बांधता बांधता त्यांनी सहज विचारलं, "घरात लहान मूल नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. आणि दवाखान्याचा जिना उतरताना मधेच थांबले. माझ्या घरात नव्हतं. शेजारी होतं.

सुलूवहिनींची नात मनू, दीड वर्षाची. तिचे आईबाप दोघंही नोकरीवर, म्हणून पोर दिवसभर आजीजवळ. संक्रांतीच्या दिवशी मी तिला बघितलं होतं, सुगडात कोपरापर्यंत हात घालून बसलेली, तोंडभर हरभरा. बोरं, ऊस, गाजर, सगळं सुगडातून निघतं, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक झालं होतं. तिच्या लेखी सुगड म्हणजे खाऊ. आणि मी त्याच सुगडात तो चीक भरून, वर हळदीकुंकू लावून दिला होता. नुसतं कुंडीत दिलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. माझी हौस नडली.

त्याच दुपारी मी ह्यांचे कोपरापर्यंतचे जुने रबरी हातमोजे चढवले, बादली घेतली आणि निघाले. वाण परत मागायला.

वाण परत मागितलेलं कुणी ऐकलंय का? मी तरी ऐकलं नव्हतं. पहिल्या घरी त्या बाई हसल्या, त्यांना थट्टा वाटली. दुसऱ्या घरी दार अर्धंच उघडं राहिलं. तिसरीनं माझ्या हातमोज्यांकडे बघत विचारलं, "शैलाताई, नक्की काय घातलंयत त्यात?" चौथीच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "सवाष्णीच्या ओटीतलं परत नाही देत. कुणी सांगितलंय हिला असलं करायला?" आयुष्यभर मी लोकांकडे ज्या नजरेनं बघत आले, ती नजर त्या दिवशी घरोघरी माझ्याकडे वळली होती. फार टोचते ती. मी पायरीवर बसून रडले, सांगायला लाज कसली.

वाट यमुनाबाईंनीच काढली. "परत मागू नका, ताई. बदलून द्या. सुगड त्यांच्यापाशीच राहू द्या, धुऊन. आतलं रोप बदला. रिकाम्या हातानं गेलं की माणसाला शंका येते." दुसऱ्या सकाळी त्या टोपलीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली शेवंतीची एकवीस रोपं घेऊन आल्या. आणि मी, एवढं सगळं होऊन गेल्यावरही, क्षणभर मनात म्हटलंच, खपली एकदाची हिची शेवंती! हा स्वभाव मला कुणी दिला, कोण जाणे. त्या बाईनं माझ्या नवऱ्याचा डोळा वाचवला होता.

दोन दिवसांत वीस काड्या परत आल्या. एकविसावी सुलूवहिनींकडची.

"अगं, ते मी कालच गंगेत सोडून आले," त्या म्हणाल्या. बोलताना नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी. आता सुलूवहिनींचे गुडघे दिवाळीपासून धरलेले. गोदाघाटाच्या पायऱ्या त्या उतरणार? आणि गंगेवर जाऊन आलेली बाई तीर्थाचा गडू भरून आणल्याशिवाय राहते? त्यांचा गडू तर ताकाला म्हणून आलेला, अजून माझ्याच ओट्यावर होता. मला खात्रीच पटली, रोप घरातच आहे.

"वहिनी, खरं सांगा. मनूच्या डोळ्यांची शपथ आहे तुम्हाला."

हे मी बोलायला नको होतं. बोरनहाण चार दिवसांवर आलेल्या पोरीच्या डोळ्यांची शपथ! सुलूवहिनींचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या नातीच्या डोळ्यांचं नाव काढू नकोस," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मनूचे हलव्याचे दागिने मीच करून दिले होते, मुकुटापासून वाळ्यांपर्यंत. बोरनहाणाला ये, असं मात्र मला पुन्हा कुणी म्हटलं नाही.

मी गेले. न बोलावता गेले. त्या चार रात्री मला झोप नव्हती. ह्यांची पट्टी बघितली की त्या जागी मनूचा डोळा दिसायचा.

हॉल बायकापोरांनी भरला होता. मधे पाट, भोवती रांगोळी, पाटावर काळं झबलं घातलेली मनू. पाटाच्या चार बाजूंना चार सुगडं, बोरांनी आणि हरभऱ्यानं भरलेली. आणि पाचवं मनूच्या अगदी पुढ्यात. त्यातही बोरं, आणि बोरांच्या मधोमध माझी हिरवी काडी, कुंकू लावलेली. वरून बोरं-चुरमुरे-हलव्याचा पाऊस सुरू झाला. पोरं ओरडत वेचायला धावली. मनू मुळीच हलली नाही. तिनं दोन्ही हात पुढ्यातल्या सुगडात घातले आणि उसाचा करवा समजून ती काडी मट्कन मोडली. टोकाशी पांढरा थेंब आला. हलव्याचा मुकुट कपाळाला टोचत होता, म्हणून तिनं तोच हात वर नेला.

मी किती बायका ओलांडल्या, कुणाच्या पायावर पाय दिला, मला ठाऊक नाही. तिची दोन्ही मनगटं धरली, तिला तशीच उचलली आणि न्हाणीघरात नळाखाली नेली. गार पाण्याची धार. मनू टाहो फोडत होती. हलव्याचे दागिने पाण्यात विरघळून तिच्या झबल्यावरून पांढरे ओघळ येत होते. मी हात चोळून धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. दारात सगळी गर्दी.

"झालं समाधान?" सुलूवहिनींचा आवाज कापत होता. "माझ्या पोरीच्या बोरनहाणाचं पार मातेरं केलंस. काय झालंय तिला? दाखव ना! काय झालंय?"

काही झालं नव्हतं. एक लाल ठिपकासुद्धा नव्हता. डोळे स्वच्छ, रडून रडून चकाकणारे. माझ्या मनगटावर मात्र संध्याकाळी फोड आला. पण तो दाखवायला त्या घराचं दार उघडं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी कळलं, की आता आपल्यापाशी दाखवायला काहीच नाही. जे झालंच नाही, ते कुणाला कसं दाखवायचं?

त्या आठवड्यात भिंतीतलं भोक सिमेंटनं बुजलं. त्यांच्या बाजूनं.

ह्यांचा डोळा पंधरा दिवसांत बरा झाला. यमुनाबाईंकडून पुढे कधीतरी कळलं, की बोरनहाणाआधी घरात आलेलं वाण बाहेर दिलं तर पोरीला बाधतं, असं सुलूवहिनींच्या मनानं घेतलं होतं. म्हणून तर खोटं बोलल्या, आणि म्हणून तर ते सुगड त्यांनी मनूच्या अगदी पुढ्यात मांडलं. आम्ही दोघी एकाच पोरीची राखण करत होतो, आणि दोघींना एकमेकींचा संशय होता. हे कळल्यावर मला सुलूवहिनींचा राग येईना. त्यामुळे उलट जास्तच वाईट वाटायला लागलं.

दहा वर्षं झाली. मधल्या काळात घरोघरी टेबलांवर असली मांसल पानांची झाडं आली. गुलाबी फुलांचं फुगीर बुंध्याचं एक आलं, त्याचाही चीक विषारी. दारावर उलटी टांगतात ती कोरफड, तिच्या सालीखालचा पिवळा रस पोटात गेला तर जुलाब. मी सगळ्यांची माहिती काढते. कुणाच्या घरी गेले की आधी खिडकीतल्या कुंड्या बघते, मग चहा घेते. लोक म्हणतात, शैलाताईंचं डोकं फिरलंय झाडांपायी. म्हणोत बापडे.

तर परवाच्या त्या सहा कुंड्या. मी प्रत्येकीच्या पानाच्या टोकाला टाचणी लावली. पाच रोपांतून नुसतं पाणी आलं. सहाव्याला पानं नव्हती, बोटभर हिरव्या काड्या. टाचणी काढली आणि पांढरा थेंब आला. ऋजुता म्हणाली, "आई, हाच का तो?" मी ती कुंडी वर्तमानपत्रासकट उचलून अंगणात भिंतीपाशी नेऊन ठेवली आणि हातमोजे धुवायला आत वळले.

काल दुपारी बाहेर सायकल थांबल्याचा आवाज आला. मनू होती. आता अकरा वर्षांची, दोन वेण्या, पतंगाच्या मांज्यानं कापलेली बोटं. पतंग आमच्या पेरूत अडकला होता. आजीनं बोलणं टाकलं असलं तरी मनू येते अधूनमधून, तिला कुणी अडवत नाही. पतंग काढून ती भिंतीपाशी उकिडवी बसली. "शैलाआजी, हे काय गं? पेन्सिली?" आणि तिनं हात पुढे केला.

मी खिडकीत. माझ्या घशातून आवाज फुटायच्या आत भिंतीपलीकडून आला.

"मने! हात लावू नकोस त्याला! आधी शैलाला विचार!"

मनूचा हात तिथंच थांबला. मीही थांबले. दहा वर्षांत त्या आवाजात मी माझं नाव ऐकलं नव्हतं. भिंतीवर सुलूवहिनींचं पांढरं डोकं दिसत होतं, कपाळापर्यंतच. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी बहुधा स्टुलावर चढून उभ्या होत्या आणि माझ्या कुंडीकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

"शैलाआजी, लावू का हात?" मनूनं विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "हातमोजे आणते. आणि वहिनी, तुम्ही आधी खाली उतरा बघू त्या स्टुलावरून."